बेथानी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेथानी म्हणजे मार्था, मरीया आणि त्यांचा भाऊ लाजर यांचं गाव; मेलेल्या लाजरला येशूने इथेच उठवलं. दरवर्षी उपवासकाळ सुरू झाला की बायबल अभ्यास वर्गातून, नातेवाइकांकडून, पवित्र भूमीच्या यात्रेला निघालेल्या मंडळींकडून बेथानीबद्दल तेच ते प्रश्न येतात. कुणाला मार्थाची बाजू घ्यायची असते, कुणाला कबर खरी आहे का ते हवं असतं, कुणी नकाशात बेथानी शोधून दमलेलं असतं. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बेथानी नक्की कुठे आहे? आज ते गाव आहे का?

आहे, आणि चांगलं नांदतं आहे. यरुशलेमच्या पूर्वेला जैतून डोंगर आहे. त्याच्या पलीकडच्या, आग्नेय उतारावर हे गाव वसलंय. योहानाने आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, यरुशलेमपासूनचं अंतर पंधरा स्तादिया दिलं आहे (११:१८), म्हणजे पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. नकाशात ‘बेथानी’ सापडलं नाही तर ‘अल-ऐझरिया’ शोधा. हे अरबी नाव लाजरवरूनच आलं. जुने ख्रिस्ती यात्रेकरू या जागेला ‘लाझारियम’ म्हणत, त्याचंच पुढे अरबीत हे रूप झालं. मूळ गावाचं नाव मागे पडलं आणि तिथल्या एका माणसाचं नाव गावाला चिकटलं. आज ते वेस्ट बँकमधलं पॅलेस्टिनी गाव आहे. खरं तर आता छोटं शहरच. वस्ती बहुतांश मुसलमानांची आहे.

२. ‘बेथानी’ या नावाचा अर्थ काय?

‘बेथ’ म्हणजे घर, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पुढच्या भागावर नाही. कोणी ‘अंजिरांचं घर’ म्हणतं, कोणी ‘गरिबांचं’ किंवा ‘पीडितांचं घर’. नहेम्या ११:३२ मध्ये बन्यामिनाच्या वंशातल्या लोकांच्या गावांत ‘अनन्या’ असं एक नाव येतं, त्यावरून ‘अनन्याचं घर’ असाही अर्थ लावतात. भाषेच्या दृष्टीने मला हा शेवटचा जास्त पटतो. ‘गरिबांचं घर’ हा अर्थ प्रवचनात फार आवडीने सांगितला जातो. तो सुंदर आहेच, पण ठाम म्हणून सांगू नये.

३. येशू यरुशलेमात न राहता बेथानीत का राहायचा?

वल्हांडण या यहूद्यांच्या मोठ्या सणाच्या दिवसांत यरुशलेमात पाय ठेवायला जागा नसायची. लांबून आलेले लोक आजूबाजूच्या गावांत उतरायचे, आणि गालीलाहून आलेल्या येशूचं ओळखीचं घर बेथानीत होतं. मार्क ११:११ मध्ये तो मंदिरात जातो, सगळीकडे पाहतो आणि संध्याकाळ झाल्यामुळे बारा जणांसह बेथानीला परततो. मत्तयही त्या रात्रीचा मुक्काम बेथानीतच सांगतो (२१:१७). शेवटच्या आठवड्यातली ये-जा अशी याच वाटेवरून चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी बेथानीहून निघाल्यावर त्याला भूक लागते आणि पानांनी भरलेलं पण फळ नसलेलं अंजिराचं झाड दिसतं, तेही इथलंच.

दोन गोष्टी नकाशावर कळत नाहीत, म्हणून सांगतो. एक म्हणजे बेथानीतून यरुशलेम दिसत नाही, मध्ये डोंगराचा माथा येतो. दिवसभर मंदिरात वाद, आरोप, हेरगिरी. आणि तासाभराच्या आत माथा ओलांडला की शहर नजरेआड. दुसरी म्हणजे हे गाव यरीहोहून येणाऱ्या वाटेवर आहे. यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. तिथून ओसाड डोंगरातून सुमारे हजार मीटर चढून आलेल्या वाटसरूला यरुशलेमच्या अलीकडे भेटणाऱ्या शेवटच्या गावांपैकी हे एक. दार ठोठावून पाणी मागावं, अशी ही जागा.

४. घर नक्की कुणाचं होतं? आईवडील कुठे होते?

आईवडिलांचा उल्लेख नाही. तिघांपैकी मोठं कोण हेही लिहिलेलं नाही. लूक १०:३८ म्हणतो की मार्थाने त्याला घरी उतरवून घेतलं. पाहुण्याला घरात घेण्याचा अधिकार तिच्याकडे होता, यावरून तीच थोरली आणि घर तीच चालवत होती असं बहुतेकांना वाटतं, आणि ते सयुक्तिक आहे. लूक गावाचं नाव मात्र देत नाही, नुसतं ‘एका गावात’ म्हणतो. मार्था आणि मरीयेचं गाव बेथानी, हे आपल्याला योहान ११:१ मधून कळतं.

५. मरीया येशूच्या पायांशी बसली आणि मार्था कामात गुंतली. मग मार्थाचं चुकलं का? घरात पाहुणे आल्यावर स्वयंपाक कुणी करायचा?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि बहुधा बायकांकडूनच येतो. आमच्या वर्गात सणाच्या दिवशी पन्नास पानांचा स्वयंपाक करणाऱ्या एक आजी आहेत. हा उतारा वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि एवढंच विचारलं, “मग त्या दिवशी जेवले कसे?” वर्गात कुणाकडेच उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी हा उतारा घाईने वाचत नाही.

लूक १०:३८-४२ नीट पाहा. येशू मार्थाला सेवा करू नको असं कुठेही म्हणत नाही. तो म्हणतो, तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, दगदग करतेस. आणि तिने मरीयेला उठवण्याची मागणी केली, ती तो मान्य करत नाही. ‘पायांशी बसणं’ हे त्या काळी गुरूकडे शिकण्याचं लक्षण होतं. पौलही आपण गमलिएलाच्या पायांशी शिकलो असं सांगतो (प्रेषितांची कृत्ये २२:३). ज्या जागी पुरुष शिष्यांनी बसायचं तिथे एक बाई बसली आहे, आणि येशू म्हणतो, तिचा हा वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही. या वाक्याने मरीयेला उभं राहण्याइतकी जागा मिळते. मार्थाला कमी लेखण्यासाठी ते वापरलं जातं, तेव्हा मला वाईट वाटतं.

शिवाय मार्थाची गोष्ट इथे संपत नाही. भाऊ गेल्यावर येशू येतोय हे कळताच गावाबाहेर सामोरी जाते ती मार्था. मरीया घरी बसून राहते. तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, असं मार्था त्याला तोंडावर सांगते. आणि योहान ११:२७ मध्ये ती जे म्हणते – तू ख्रिस्त आहेस, जगात येणारा देवाचा पुत्र आहेस – ती जवळजवळ पेत्राचीच कबुली आहे (मत्तय १६:१६). पेत्राच्या कबुलीवर किती प्रवचनं झाली आणि मार्थाच्या कबुलीवर किती, तुम्हीच आठवून पाहा. योहान १२:२ मध्ये पुन्हा जेवण आहे, पुन्हा मार्था वाढते आहे. या वेळी ती तक्रार करत नाही, आणि तिला कुणी काही बोलतही नाही.

६. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस का थांबला?

शुभवर्तमान कारण देतं ते देवाच्या गौरवाचं (योहान ११:४). पण दिवसांचा हिशेबही महत्त्वाचा आहे. येशू पोहोचला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. माणूस मेल्यावर आत्मा तीन दिवस देहाभोवती घुटमळतो आणि चेहरा बदलू लागला की निघून जातो, अशी समजूत जुन्या यहूदी परंपरेत नोंदलेली आहे. चौथ्या दिवशी आशेला काहीच उरत नाही. ‘आता त्याला दुर्गंधी येत असेल’ हे मार्थाचं बोलणं म्हणून इतकं जड आहे. घर चालवणारी बाई आहे ती, जे आहे ते बोलते. पूर्वेकडच्या चित्रांत लाजरच्या कबरेजवळ नाकाला कापड लावलेली माणसं दिसतात, ती याच वाक्यामुळे.

७. लाजरला उठवणारच होता, तर येशू रडला कशाला?

योहान ११:३५. मराठीत दोनच शब्द: येशू रडला. मूळ ग्रीक पाहिलं तर आणखी काही हाती लागतं. मरीया आणि तिच्याबरोबरचे लोक रडतात त्यासाठी एक शब्द आहे, मोठ्याने शोक करण्याचा. येशूसाठी वेगळा शब्द आहे, नुसते अश्रू येण्याचा. सगळे आक्रोश करत असताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. त्याआधी ११:३३ मध्ये त्याच्या मनाच्या खळबळीसाठी जो शब्द आहे त्यात रागाची छटा आहे. मरणाचा राग, असं पुष्कळ भाष्यकार म्हणतात, आणि मला ते पटतं.

आता गंमत पाहा. थोड्याच दिवसांनी तो हाच डोंगर ओलांडतो, यरुशलेम समोर दिसतं आणि तो शहरासाठी रडतो (लूक १९:४१). तिथे मात्र तोच मोठ्याने रडण्याचा शब्द आहे. डोंगराच्या एका अंगाला मित्रासाठी मुके अश्रू, दुसऱ्या अंगाला शहरासाठी हुंदका. उठवणार हे माहीत असलं तरी समोर रडणाऱ्या दोन बहिणींचं दुःख त्या क्षणी खोटं नव्हतं. मयताच्या घरी जाऊन लगेच ‘रडू नका, तो प्रभूकडे गेला’ असं म्हणणाऱ्यांनी हे वचन जरा थांबून वाचावं.

८. लाजर उठला आणि येशू उठला, यात फरक काय?

मोठा फरक आहे. लाजर परत आला तो याच आयुष्यात; तो पुढे पुन्हा मेला. येशूचं पुनरुत्थान म्हणजे मरणाच्या पलीकडचं जीवन, जिथून मागे येणं नाही. योहानाने हा फरक कापडातून दाखवला आहे. लाजर बाहेर येतो तेव्हा त्याचे हातपाय पट्ट्यांनी बांधलेले, तोंडाला रुमाल गुंडाळलेला असतो, आणि ‘त्याला मोकळं करा’ असं इतरांना सांगावं लागतं (११:४४). येशूच्या कबरेत पट्ट्या तिथेच पडलेल्या आणि रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला (२०:६-७). लाजरला ती वस्त्रं पुन्हा लागणार होती.

९. मरीयेने येशूच्या पायांना लावलेलं जटामांसीचं तेल म्हणजे आपली जटामांसीच का?

हो, आपलीच, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. मराठी बायबलमध्ये हा शब्द वाचून पुष्कळांना वाटतं की भाषांतर करणाऱ्याने जवळचा म्हणून देशी शब्द घातला. तसं नाही. ग्रीकमधला ‘नार्द’ आणि हिमालयातली जटामांसी एकच, आणि ग्रीक शब्दही मुळात आपल्या ‘नलद’ या संस्कृत शब्दाशी नातं सांगतो.

ही वनस्पती हिमालयात, साधारण तीन ते पाच हजार मीटर उंचीवर उगवते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी नोंदवहीत ती भरूच बंदरातून पश्चिमेला जात असल्याचं लिहिलं आहे. त्याच नोंदवहीत आपल्या सोपारा आणि कल्याण या बंदरांचीही नावं आहेत. म्हणजे हिमालयातलं मूळ बैलांवरून, तांड्यांतून किनाऱ्याला आलं, गलबतात चढलं, तांबड्या समुद्रातून पुढे गेलं, आणि अशाच एखाद्या वाटेने आलेला एक थेंब बेथानीच्या घरात सांडला. किंमत तीनशे दीनार का, हे यावरून कळतं. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). शब्बाथ आणि सण वगळले तर जवळजवळ वर्षाची कमाई. माप होतं एक ‘लित्रा’, सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास.

एकदा वर्गात मी काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली जटामांसी फिरवली. काळपट तपकिरी, केसाळ मुळं, खरंच कुणाच्या जटेचा तुकडा वाटावा अशी. वास काही अत्तरासारखा गोड नसतो. पहिल्या पावसाची माती, ओलं लाकूड आणि थोडा उग्र औषधी दर्प. एक बाई लगेच म्हणाल्या, “हा तर दिवाळीच्या उटण्याचा वास!” मुळं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली तरी वर्ग संपेपर्यंत बोटांना वास होता. सुगंधाने घर भरून गेलं, हे योहानाचं वाक्य (१२:३) त्या दिवशी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

१०. येशूला तेलाचा अभिषेक शिमोनाच्या घरी झाला की लाजरच्या? डोक्याला की पायांना? एकूण किती वेळा झाला?

शुभवर्तमानांत असं आहे. मत्तय २६ आणि मार्क १४: बेथानीत, कुष्ठरोगी शिमोनाच्या घरी, वल्हांडणाला दोन दिवस उरले असताना, बाईचं नाव नाही, तेल डोक्यावर. योहान १२: बेथानीत, सहा दिवस आधी, घर कुणाचं ते लिहिलेलं नाही, पण लाजर पंगतीत आहे आणि मार्था वाढते आहे, बाई मरीया, तेल पायांना, आणि ती केसांनी पाय पुसते. लूक ७: कुणा परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या) शिमोनाचं घर, गालीलातल्या सेवाकार्याच्या ओघात; ‘पापी’ म्हणून ओळखली जाणारी बाई; रडत रडत पाय भिजवते.

माझं मत सरळ आहे. मत्तय, मार्क आणि योहान एकाच जेवणाबद्दल सांगतात. लूकमधला प्रसंग वेगळा. लूकमध्ये विषय क्षमेचा आहे, बेथानीत दफनाचा. शिमोन हे नाव त्या काळी घरोघरी असायचं, त्यामुळे नावावरून दोन घरं एक करू नयेत. हे तीन वेगळे प्रसंग होते असं मानणारेही जुन्या काळापासून आहेत.

शिमोन कुष्ठरोगी असूनही घरात पंगत कशी, हा पोटप्रश्न. बरा झाला असावा आणि नाव मात्र चिकटून राहिलं असावं, हे साधं उत्तर. मृत समुद्राजवळ सापडलेल्या मंदिर-गुंडाळीत कुष्ठरोग्यांसाठी शहराच्या पूर्वेला वेगळ्या जागा ठेवाव्यात असा नियम आहे. बेथानी पूर्वेलाच असल्याने काही अभ्यासक दोन्हींचा संबंध जोडतात.

११. बेथानीची मरीया म्हणजेच मग्दालिया मरीया ना?

नाही. पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेत हा गोंधळ फार काळ टिकला. पोप ग्रेगरी (पहिले) यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस एका प्रवचनात लूक ७ मधली पापी बाई, बेथानीची मरीया आणि मग्दालिया या तिघींना एक धरलं, आणि पुढे चित्रांत, कथांत तेच रुजलं. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी त्यांना कायम वेगळं ठेवलं. मग्दालियाचं गाव गालील सरोवराकाठचं मग्दला. बेथानी दक्षिणेला, यहूदियात. १९६९ च्या रोमन पंचांगातल्या बदलांनंतर कॅथलिक उपासनेतही हे एकीकरण उरलं नाही. २२ जुलै हा सण मग्दालियाचा. २९ जुलै पूर्वी एकट्या मार्थाचा होता. २०२१ पासून तो मार्था, मरीया आणि लाजर या तिघांचा झाला. भावंडांना एकत्र आणणारा हा बदल मला मनापासून आवडला.

१२. श्रीमंताच्या दाराशी पडलेला लाजर हाच का?

नाही. तो लूक १६ मधल्या दाखल्यातला भिकारी. फक्त नाव एक: एलाजार, ‘देवाने साहाय्य केलं’. तो दाखला संपतो, तो मेलेल्यातून कुणी उठलं तरी ते मानणार नाहीत, या वाक्यावर. म्हणून दोघांची सांगड घालायचा मोह होतो. मध्ययुगात युरोपात कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानांना लाजरचं नाव पडलं, तेही दोघांच्या सरमिसळीतून.

१३. एवढा मोठा चमत्कार बाकी तिन्ही शुभवर्तमानांत का नाही?

त्यांनी का गाळला याचं कारण त्यांनी लिहिलेलं नाही. एक अंदाज मात्र विचार करण्याजोगा आहे. योहान १२:१० प्रमाणे मुख्य याजकांनी लाजरलाही मारायचं ठरवलं होतं, कारण त्याला पाहून लोक येशूकडे वळत होते. आधीची शुभवर्तमानं लिहिली गेली तेव्हा हे कुटुंब यरुशलेमच्या उंबरठ्यावर राहत असेल, तर नाव न घेण्यातच त्यांची सुरक्षितता होती. अभिषेक करणाऱ्या बाईचं नावही मत्तय-मार्क देत नाहीत (प्रश्न १०), तेही या अंदाजात बसतं. हा अंदाजच आहे, हे विसरू नये.

१४. आज दाखवतात ती लाजरची कबर खरी आहे का?

‘लाजर’ असं कोरलेला दगड तिथे नाही. पण परंपरा खूप जुनी आणि सलग आहे. इ. स. ३३३ मध्ये बोर्दोहून आलेल्या यात्रेकरूने इथली लाजरची गुहा नोंदवली. चर्चचा इतिहासकार युसेबियस याने त्याच शतकात तिचा उल्लेख केला, आणि जेरोमने त्याच्या ग्रंथाचं भाषांतर करताना इथे आता चर्च उभं आहे अशी भर घातली. त्या भागात पहिल्या शतकातल्या कबरी सापडल्या आहेत. १९४९ ते १९५३ या काळात फ्रान्सिस्कन फादर सिल्वेस्टर सॅलर यांनी उत्खनन केलं आणि एकावर एक बांधलेल्या चर्चचे थर उघडे केले. पहिलं भूकंपात पडलं असं मानतात, त्यानंतर दुसरं बांधलं गेलं. गाव हेच, याबद्दल मला शंका नाही. गुहा हीच, असं शपथेवर मी सांगणार नाही.

क्रूसयुद्धांच्या काळात यरुशलेमची राणी मेलिसेंद हिने ११३८ मध्ये तकोवा गाव देऊन त्या बदल्यात बेथानी मिळवली आणि इथे बेनेडिक्टीन जोगिणींचा मठ बांधला. तिची धाकटी बहीण इव्हेट पुढे त्याची मठाध्यक्षा झाली. दोन बहिणींच्या गावात पुन्हा दोन बहिणी! मठाचे अवशेष आणि तेल गाळायचा जुना घाणा अजून आहे.

आजचं लाजरचं चर्च आन्तोनियो बारलुझ्झी यांनी आखलं आणि १९५० च्या दशकात बांधून झालं. बाहेरून ते मुद्दाम कबरेसारखं बंद दिसतं, खिडक्या नाहीत. आत शिरलं की वर घुमटातून उजेड खाली उतरतो. अंगणात जुन्या चर्चची मोझेकची फरशी दिसते.

१५. कबरेवर मशीद आहे म्हणतात. मग ख्रिस्ती लोक आत जातात कसे?

सोळाव्या शतकात कबरेच्या मूळ प्रवेशाच्या जागी अल-उझैर मशीद झाली आणि पूर्वेकडचा जुना दरवाजा बंद झाला. मग फ्रान्सिस्कनांनी परवानगी घेऊन त्याच शतकात उत्तरेकडून, रस्त्याच्या बाजूने, खडकात नवा जिना खोदला. आजही तोच वापरतात (प्रश्न २० पाहा).

मुसलमानांनाही ही जागा पूज्य आहे. इसा (येशू) देवाच्या आज्ञेने मेलेल्यांना उठवतात असं कुराणात आहे (३:४९, ५:११०). लाजरचं नाव मात्र तिथे नाही. जवळच १९६५ चं ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चही आहे. एकाच उतारावर मशीद आणि दोन चर्च, आणि तिन्ही एका कबरेभोवती.

१६. उठवल्यानंतर लाजरचं पुढे काय झालं?

योहान १२ नंतर बायबलमध्ये त्याचा उल्लेख नाही. पुढचं सगळं परंपरेतलं. पूर्वेकडे सांगतात की तो सायप्रसला गेला आणि कितियोन, म्हणजे आजच्या लार्नाकाचा बिशप झाला. तिथे त्याच्या नावाचं चर्च आहे. सम्राट लिओ सहावा याने त्याच्या अस्थी कॉन्स्टँटिनोपलला नेल्या, असं इतिहास सांगतो. १९७२ मध्ये दुरुस्ती करताना लार्नाकाच्या वेदीखाली दगडी पेटीत काही अस्थी सापडल्या. पश्चिमेकडची कथा वेगळीच: तिन्ही भावंडं समुद्रमार्गे दक्षिण फ्रान्सला गेली, लाजर मार्सेचा बिशप झाला आणि मार्थाने तारास्कोन गावी एका अक्राळविक्राळ जनावराला माणसाळवलं. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. मला पूर्वेची परंपरा जास्त जुनी आणि जवळची वाटते.

सायप्रसमधली एक लोककथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेलेल्यांमध्ये जे पाहिलं त्यामुळे लाजर पुढची तीस वर्षं हसलाच नाही. एकदाच हसला: बाजारात कुणीतरी मडकं चोरताना पाहून. म्हणाला, “माती मातीची चोरी करते आहे.”

१७. योहान १:२८ मध्ये बाप्तिस्मा देणारा योहान बेथानीत असतो. मग हे गाव नदीकाठी आहे का?

ती दुसरी बेथानी, ‘यार्देनेच्या पलीकडची’. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाला त्या नावाचं गाव नदीकाठी सापडलं नाही, म्हणून त्याने ‘बेथाबरा’ हा पाठ उचलून धरला. काही जुन्या भाषांतरांत तुम्हाला तेच नाव दिसेल. आज जॉर्डन देशातलं ‘अल-मगतास’ हे ते ठिकाण मानलं जातं आणि २०१५ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. यात्रेच्या पत्रकात नुसतं ‘बेथानी’ लिहिलं असेल तर कोणती, ते आधी विचारा.

१८. येशूचं स्वर्गारोहण बेथानीत झालं की जैतून डोंगरावर?

लूक २४:५० म्हणतं, त्याने त्यांना बेथानीपर्यंत बाहेर नेलं. प्रेषितांची कृत्ये १:१२ म्हणतं, ते जैतून डोंगरावरून परतले, आणि तो यरुशलेमपासून शब्बाथच्या वाटेइतका दूर आहे, म्हणजे दोन हजार हात, एक किलोमीटरच्या आतबाहेर. लेखक एकच, लूक. बेथानी त्याच डोंगराच्या उतारावर आहे हे लक्षात घेतलं की विरोध उरत नाही: बेथानीच्या दिशेने निघाले आणि डोंगरावर निरोप झाला. स्मारक चॅपल माथ्यावर, अत-तूर इथे आहे.

१९. ‘लाजर शनिवार’ काय असतो? आपल्याकडे तो का पाळत नाहीत?

झावळ्यांच्या रविवारचा, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारचा, आदला दिवस. ऑर्थोडॉक्स आणि इतर पूर्वेकडच्या मंडळ्या तो मोठ्या थाटाने पाळतात. लॅटिन रीतीत तो वेगळा दिवस नाही, म्हणून वसई-गोव्याकडच्या कॅथलिकांना आणि आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांना तो सहसा माहीत नसतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची यात्रेकरू बाई इथे आली होती. तिने लिहून ठेवलं आहे की त्या शनिवारी दुपारनंतर लाझारियमला इतकी माणसं जमतात की आजूबाजूची शेतंही भरून जातात.

ग्रीक घरांत या दिवशी लहान गोडसर पाव भाजतात: हात छातीवर घडी घातलेला, कापडात गुंडाळलेला लाजर, आणि डोळ्यांच्या जागी लवंगा. केरळमधल्या सुरियानी ख्रिस्ती घरांत या शनिवारी ‘कोळुकट्टा’ होतात. तांदळाच्या पिठीच्या गोल उकडीत नारळ आणि गुळाचं सारण. पाहिलंत तर कळी नसलेला उकडीचा मोदक म्हणाल! येशू बेथानीला आला तेव्हा मार्थाने घाईघाईत हेच करून वाढलं, अशी आठवण काही घरांत सांगतात. प्रश्न ५ मधल्या आजींना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

२०. आमच्या यात्रेच्या कार्यक्रमात बेथानी नाही. स्वतःहून जाता येईल का? काय लक्षात ठेवायचं?

जाता येतं. कार्यक्रमात नसण्याचं मुख्य कारण रस्ता. या शतकाच्या सुरुवातीला इस्रायलने बांधलेली विभाजन भिंत जैतून डोंगरावरचं बेथफगे आणि बेथानी यांच्या मधूनच जाते. येशू ज्या वाटेने चालत गेला ती वाट आज काँक्रीटने तुटली आहे. पूर्वी चालत जाता यायचं तिथे आता गाडीला यरीहोच्या हमरस्त्याने मोठा वळसा पडतो. झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक बेथफगेहून निघते, पण बेथानीच्या रहिवाशांना परवान्याशिवाय पलीकडे येता येत नाही. यात्रेकरूंनी हे पाहावं असं मला मनापासून वाटतं.

पूर्व यरुशलेमहून बस मिळते. पासपोर्ट जवळ ठेवा, परतताना तपासणी होऊ शकते. निघण्याआधी त्या दिवसाची परिस्थिती स्थानिक माणसाला विचारा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. चर्च दुपारी बंद असतं, म्हणून सकाळी जा. कबर पाहायला थोडे पैसे द्यावे लागतात, सुटे ठेवा.

कबरेत उतरायला चोवीस पायऱ्या आहेत, उंच-सखल आणि झिजलेल्या. खाली एक लहान खोली, आणि तिथून अगदी वाकून आणखी खाली दफनाच्या खोलीत शिरावं लागतं. तिथे चार-पाच माणसांपेक्षा जास्त मावत नाहीत. गुडघ्यांचा त्रास असेल तर वरच चर्चमध्ये बसा आणि योहानाचा अकरावा अध्याय काढा. बरोबरच्यांपैकी कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. घुमटाखाली आवाज चांगला ऐकू येतो.